ज्यूरीची सोडत संगणकाकडे : चूक कुठे होते आणि ती दिसत का नाही?

पानगळ (धागाकर्ता)

न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयाकडून गेल्या महिन्यात मला ज्यूरीसाठीची, म्हणजे खटल्यात निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठीची, प्रश्नावली आली आणि आठवड्याभरात तशीच दुसरीही आली. दोन्हींवर पत्ता एकच, आडनावही एकच. फरक इतकाच, की एकीवर वडिलांचे नाव पूर्ण छापलेले होते आणि दुसरीवर त्याचे नुसते आद्याक्षर. वाहनचालक परवाना काढताना मी नाव पूर्ण लिहिले होते आणि नागरिकत्व मिळाल्यावर मतदार नोंदणी करताना आद्याक्षर लिहिले होते. वेगवेगळ्या ठिकाणच्या याद्या एकमेकींशी जुळवण्याचे काम मी वीस वर्षे पोटापाण्यासाठी करत आलो आहे, त्यामुळे दुसरे पाकीट उघडताक्षणी लक्षात आले की संगणकाच्या लेखी मी दोन माणसे आहे आणि सोडतीत माझ्या नावाच्या दोन चिठ्ठ्या पडलेल्या आहेत. एका माणसाला दुप्पट संधी मिळणे हा दोष तसा किरकोळ आहे. पण त्यामुळे मी या विषयाचे जुने निकाल वाचायला बसलो आणि जे वाचले ते इथे मांडावेसे वाटले.

आधी पद्धत सांगतो, कारण आपल्याकडच्या अनेकांचा समज असा असतो की संगणक म्हणजे फक्त शेवटची चिठ्ठी काढणारा हात. प्रत्यक्षात त्याआधी बरेच काही घडते. न्यू जर्सीत मतदार, वाहनचालक परवानाधारक, राज्याचा आयकर भरणारे आणि घरपट्टीतील सवलतीसाठी अर्ज करणारे अशा चार याद्या एकत्र करून एक मूळ यादी बनते. अमेरिकेच्या संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांत १९६८ च्या ज्यूरी निवड कायद्यानुसार मतदार याद्या हा मुख्य स्रोत असतो आणि गरज पडेल तिथे इतर याद्यांची जोड द्यावी लागते. ज्या साठ्यातून नावे काढायची त्यासाठी त्या कायद्यात ‘चक्र’ हा जुना शब्द तसाच ठेवलेला आहे. लाकडी किंवा पत्र्याचे पिंप फिरवून चिठ्ठ्या काढत त्या काळातला तो शब्द. मात्र त्याच्या व्याख्येत, नीट आज्ञावली (प्रोग्रॅम) लिहिलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही चालेल, असे तेव्हाच लिहून ठेवले आहे. मूळ चक्रातून नावे काढायची, त्यांना प्रश्नावली पाठवायची, नागरिकत्व, वय, वास्तव्य, इंग्रजीचे ज्ञान, गुन्ह्याची शिक्षा या निकषांवर पात्र ठरतील त्यांचे दुसरे चक्र करायचे आणि खटल्यांच्या गरजेप्रमाणे त्यातून समन्स पाठवायचे, असा हा प्रवास आहे. शेवटी न्यायालयाच्या दालनात वकील प्रश्न विचारून बारा जण ठरवतात तो भाग सर्वांना दिसतो आणि वाद बहुधा त्यावरच होतात. माझे म्हणणे त्याच्या अलीकडच्या, कोणालाच न दिसणाऱ्या भागाविषयी आहे.

कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड विभागाच्या संघीय न्यायालयात १९९२ साली जे उघड झाले ते मी दोनदा वाचले. गावाचे नाव आणि व्यक्तीची स्थिती हे नोंदीतले दोन रकाने शेजारीशेजारी होते. नावांची भरणी करताना गावाचे नाव चुकीच्या जागी सरकले आणि इंग्रजीत लिहिलेल्या ‘हार्टफर्ड’चे शेवटचे ‘डी’ हे अक्षर स्थितीच्या रकान्यात जाऊन पडले. त्या रकान्यात ‘डी’चा अर्थ ‘मृत’ असा होता. म्हणजे एका अख्ख्या शहराला यंत्राने मृत धरले, आणि मृतांना कोणी प्रश्नावली पाठवत नाही. न्यू ब्रिटन हे दुसरे मोठे शहरही एका वेगळ्या चुकीने यादीतून गळाले होते. या दोन शहरांत त्या विभागातल्या मतदानवयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ६३ टक्के आणि हिस्पॅनिक नागरिकांपैकी सुमारे ६८ टक्के लोक राहत होते. कोणाच्याही मनात भेदभावाचा हेतू नव्हता, आणि तरीही कोणी ठरवून केला असता तर याहून पक्का बंदोबस्त झाला नसता. चूक लक्षात आल्यावरही जुन्या चक्रातून आधी काढून ठेवलेली नावे वापरात राहिली आणि त्या कारणाने १९९५ साली अपील न्यायालयाला एक शिक्षा रद्द करावी लागली.

दुसरे प्रकरण मिशिगनमधल्या केंट काउंटीचे, म्हणजे ग्रँड रॅपिड्स शहराच्या परिसराचे आहे. तिथे २००१ च्या वसंत ऋतूपासून पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे ४ लाख ५४ हजार पात्र नागरिकांपैकी जवळजवळ ७५ टक्के लोक निवडीच्या बाहेर राहिले. आज्ञावलीत नोंदींच्या संख्येची मर्यादा चुकीची लिहिली गेली होती. नोंदी टपाल क्रमांकानुसार लावलेल्या असल्याने लहान क्रमांकांची गावे आत आली आणि मोठ्या क्रमांकांच्या वस्त्या बाहेर राहिल्या. शहरातली कृष्णवर्णीयांची वस्ती नेमकी त्या मोठ्या क्रमांकांत होती. हे शोधून काढले ते एका स्थानिक शाळाशिक्षकाने, ज्यूरीत कोण दिसते आणि कोण दिसत नाही याचा अभ्यास करून. न्यायालय चालवणाऱ्यांपैकी कोणाच्याही ध्यानात ते आले नव्हते.

तिसरे इंडियानातल्या ॲलन काउंटीचे. तिथे यादी टाउनशिपच्या, म्हणजे काउंटीतल्या उपविभागांच्या, नावांच्या वर्णक्रमाने लावलेली होती आणि यंत्र ठरावीक आकड्याशी थांबत होते. वर्णक्रमात शेवटी येणारी वेन टाउनशिप त्यामुळे बहुतांशी कापली जात होती, आणि काउंटीतले सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय तिथेच राहत होते. त्या यादीतून आलेल्या ज्यूरीच्या शिफारशीवर दिलेली मृत्युदंडाची शिक्षा २००२ साली इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

या तिन्ही ठिकाणी सोडत काढण्याचे गणित बिघडले नव्हते. सोडतीपुढे ठेवलेली यादी बिघडली होती. आणि ते इतके दिवस कळले नाही याचे कारण मला असे वाटते, की ज्याला समन्स येते तो तक्रार करतो, रजेचे काय म्हणून विचारतो, तारीख बदलून मागतो, पण ज्याला कधीच समन्स येत नाही त्याला आपण वगळले गेलो आहोत हे कळायला काही मार्गच नसतो. पगार थांबला तर माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन उभा राहतो, तसे इथे कोणी येत नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे, की प्रत्येक पायरीवर किती नावे आत गेली आणि किती बाहेर आली याचा गाववार हिशेब न्यायालयाने आपणहून काढला पाहिजे आणि उघड ठेवला पाहिजे. वीस वर्षांत मी एकही यादी अशी मोजणी न करता पुढे पाठवलेली नाही, आणि त्या याद्या तर नुसत्या ग्राहकांच्या होत्या.

आपला अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

फोर्टची वकील

लेख मनापासून आवडला. ज्यूरी हा विषय महाराष्ट्राला तसा परका नाही, म्हणून दोन गोष्टी जोडते.

लोकमान्य टिळकांवर जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जो राजद्रोहाचा खटला चालला, त्यातली ज्यूरी नऊ जणांची होती. त्यात सात युरोपीय आणि दोन पारशी होते. सरकारपक्षाने विशेष ज्यूरी मागून घेतली होती आणि विशेष ज्यूरीची यादीच अशी होती की तिच्यात युरोपीयांचे प्रमाण शहरातल्या लोकसंख्येशी कोणताही मेळ न खाणारे होते. ‘केसरी’तले लेख मराठीत, त्यांवरून दोष ठरवायचा, आणि ठरवणाऱ्यांपुढे होती ती इंग्रजी भाषांतरे. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. त्या दिवशी ज्यूरीची नावे काढताना कोणी लबाडी केली असे म्हणता येत नाही, आणि तशी गरजही नव्हती, कारण यादी ठरली तेव्हाच निकालाचा बराचसा भाग ठरून गेला होता. यादी सोडतीच्या आधी बिघडते हे आपले म्हणणे संगणकाच्या काळाआधीही खरे होते, एवढेच मला दाखवायचे आहे.

दुसरे म्हणजे, नानावटी खटल्यानंतर भारतातली ज्यूरी संपली असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती, नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा निर्णय १९५९ मध्ये आला, आणि त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालतच होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीची तरतूद उरली नाही तेव्हा ती खऱ्या अर्थाने गेली. ज्यूरीच्या जवळची एक पद्धत मात्र कायद्यात अजून आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ याखालच्या न्यायालयांत समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात. पूर्वी ते सात असत, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच असतात. त्यांची निवड सोडतीने होत नाही. सरकारने नेमलेल्या प्रतिनिधींच्या यादीतून ते आळीपाळीने घेतले जातात. लहान यादीला आळीपाळी पुरते. लाखो नावांच्या यादीला ती पुरणार नाही, हे मान्यच आहे.

संख्याशास्त्राचा शिक्षक

पिंप फिरवून चिठ्ठी काढणे जास्त विश्वासार्ह, कारण ते डोळ्यांसमोर होते, असे मानणाऱ्यांसाठी एक जुने उदाहरण देतो. अमेरिकेत लष्करभरतीचा क्रम ठरवण्यासाठी १ डिसेंबर १९६९ रोजी वर्षातल्या ३६६ तारखांच्या कुप्या भरून सोडत काढली गेली. कुप्या महिन्यामहिन्याने टाकल्या होत्या आणि त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. परिणाम असा झाला, की वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतल्या तारखा अपेक्षेपेक्षा लवकर निघाल्या, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलांवर भरतीची पाळी आधी आली. हे सारे दूरचित्रवाणीवर, देशाच्या देखत घडले होते. तेव्हा डोळ्यांसमोर होणे हीच काही निःपक्षपणाची हमी नव्हे. चांगली यादृच्छिक संख्या देण्यात आजचा संगणक पिंपापेक्षा निश्चितच सरस आहे.

तरी एक पुस्ती जोडतो. कित्येक न्यायालयांच्या आराखड्यात ‘दर अमुकावे नाव’ अशी रीत आहे. एकूण नावांना हव्या असलेल्या संख्येने भागायचे, आलेला भागाकार हे अंतर धरायचे, सुरुवातीचा क्रमांक सोडतीने काढायचा आणि तिथून तेवढ्या तेवढ्या अंतरावरचे नाव घेत जायचे. ही रीत सोपी आहे आणि यादी नीट असेल तर निर्दोषही आहे. शिवाय यादी भौगोलिक क्रमाने लावलेली असेल तर प्रत्येक भागातून जवळपास प्रमाणात नावे येतात, हा तिचा गुणच आहे. पण ही रीत यादीच्या शेवटापर्यंत गेलीच पाहिजे. भागाकार चुकीच्या एकूण संख्येवरून काढला, किंवा ठरलेली संख्या भरली म्हणून मध्येच थांबले, की शेपटाकडची माणसे कायमची सुटतात. ॲलन काउंटीत आणि केंट काउंटीत घडले ते याच जातीचे आहे. मी विद्यार्थ्यांना सांगतो की यादी आधी पूर्ण पिसून घ्या आणि मगच कापा. पिसलेल्या यादीचे शेपूट कापले गेले तरी नुकसान सर्वांना सारखे वाटले जाते. दोन ओळींची ही आज्ञा त्या दोन्ही ठिकाणी असती तर चूक राहिली असती, पण अन्याय झाला नसता.

नवा प्रवासी

मला एक व्यावहारिक शंका आहे. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. तरीही मला प्रश्नावली आली. एका परिचितांनी सांगितले की आपण नागरिक नसल्याने ती सरळ फाडून टाकावी. हे योग्य आहे का? आणि नागरिक नसलेल्याचे नाव यादीत मुळात आलेच कसे?

पानगळ (धागाकर्ता)

कृपया फाडू नका. आपले नाव बहुधा वाहनचालक परवान्याच्या किंवा आयकराच्या यादीतून आले असावे. या याद्यांत नागरिक आणि अनागरिक दोघेही असतात, आणि त्यांतला भेद करण्यासाठीच प्रश्नावली पाठवली जाते. त्यात ‘आपण अमेरिकेचे नागरिक आहात का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण करून, सही करून, मुदतीत परत पाठवावी. तेवढ्याने आपण अपात्र ठरता आणि विषय संपतो. उत्तर न देणाऱ्याला न्यायालय पुन्हा पत्र पाठवते आणि विनाकारण आपल्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद राहते. घाईत चुकून ‘हो’वर खूण होणार नाही याची मात्र फार काळजी घ्या, कारण नागरिक असल्याचे खोटे विधान हा स्थलांतराच्या कायद्यात गंभीर विषय आहे. शंका वाटल्यास पत्रावरच्या क्रमांकावर न्यायालयाच्या ज्यूरी विभागालाच विचारावे.

शिक्षकमहोदय, आपली ‘आधी पिसा, मग कापा’ ही सूचना मी लिहून ठेवली आहे.

वाचनालयाच्या पायरीवर

मी मॅसॅच्युसेट्समध्ये बरीच वर्षे राहते, म्हणून तिथली एक बाजू मांडते. आमच्याकडे राज्याच्या न्यायालयांसाठी मतदार यादीऐवजी प्रत्येक गावाने दरवर्षी करायच्या रहिवासी गणनेची यादी वापरतात. त्यामुळे मतदार नोंदणी न केलेलेही यादीत येतात, आणि कागदावर तरी ही यादी सर्वांत समावेशक आहे. पण यादी कितीही चांगली असली तरी ती गाव कशी ठेवते यावर सारे अवलंबून असते. सुखवस्तू गावात माणसे एकाच घरात वीसवीस वर्षे राहतात आणि गणनेचा कागद भरून देतात. शहरातल्या भाड्याच्या घरांतली माणसे दर वर्षा-दोन वर्षांनी जागा बदलतात आणि त्यांची पत्रे ‘पत्ता सापडत नाही’ असा शिक्का घेऊन परत येतात. यंत्राने दोघांना सारखीच संधी दिली, तरी टपाल दोघांपर्यंत सारखे पोचत नाही.

बोस्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी २००५ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. परत आलेल्या आणि अनुत्तरित राहिलेल्या प्रत्येक पत्राच्या बदल्यात त्याच टपाल क्रमांकाच्या भागात नवे पत्र पाठवावे, असा त्यांनी आदेश दिला. अपील न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचा ज्यूरी आराखडा सर्वांनी मिळून संमत केलेला असतो आणि एका न्यायाधीशाला तो एका खटल्यापुरता बदलता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला तो निर्णय कायद्याला धरून वाटतो आणि तरीही न्यायाधीश गर्टनर यांचे निदान अचूक होते, कारण पुढे त्या न्यायालयाने आपला आराखडाच बदलला आणि परत आलेल्या पत्रांपुरती ती पद्धत स्वीकारली. परत आलेले पत्र ही केवळ टपालखात्याची बाब न मानता त्या वस्तीचे एक रिकामे आसन मानणे, हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण गाववार हिशेबाची मागणी करता त्यात परत आलेल्या पत्रांचा रकाना अवश्य घाला.

फोर्टची वकील

वरच्या मुद्द्याला धरून विचारते. हिशेब उघड ठेवावा असे आपण म्हणता, पण तो मागण्याचा हक्क कोणाला आहे? आणि चूक सापडल्यावर आरोपीला खरोखर काही मिळते का?

पानगळ (धागाकर्ता)

संघीय न्यायालयांपुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. १९६८ च्या कायद्यानुसार पक्षकाराला ज्यूरीच्या नोंदी तपासता येतात आणि १९७५ मध्ये ‘टेस्ट विरुद्ध संयुक्त संस्थाने’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी काही दोष आहे असे आधी दाखवण्याची गरज नाही. नोंदी पाहिल्याशिवाय दोष दाखवणार कसा, हा साधा तर्क त्यामागे आहे. संघीय प्रश्नावलीत वंश विचारतात तोही याच कामासाठी, आणि ते पाहून अनेक मराठी मंडळी बिचकतात म्हणून मुद्दाम सांगतो : तो निवडीसाठी वापरत नाहीत, भेदभाव होत नाही ना हे पडताळण्यासाठी मागतात. तो रकाना रिकामा सोडू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधान देणारे नाही. केंट काउंटीच्या चुकीच्या काळात दोषी ठरलेल्या एकाने खटल्याच्या वेळी आक्षेप घेतला नव्हता. २०१२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने मान्य केले की चूक संगणकाच्या आत दडलेली असल्याने आक्षेप न घेतल्याचा दोष त्याला देता येत नाही. पण पुढे असेही सांगितले की यामुळे आपले प्रत्यक्ष नुकसान झाले, म्हणजे ज्यूरी वेगळी असती तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती, हे त्याने दाखवावे. २०१५ मध्ये ते दाखवता आले नाही असे ठरले आणि शिक्षा कायम राहिली. न बोलावलेली माणसे काय म्हणाली असती हे कोण कसे सिद्ध करणार? निकाल लागून गेल्यावर ही चूक भरून निघत नाही, म्हणून तपासणी समन्स जाण्याच्या आधी व्हावी असा माझा आग्रह आहे.

जाता जाता माझ्या दोन प्रश्नावल्यांचे सांगतो. दोन्हींवरचे क्रमांक लिहून मी ज्यूरी विभागाला पत्र पाठवले होते. आज उत्तर आले. एक नोंद रद्द झाली आहे आणि दुसरीवर पुढच्या महिन्यातल्या सोमवारची तारीख पडली आहे. पत्राखाली मी विचारले होते की यंदाच्या मूळ यादीत आमच्या काउंटीतल्या प्रत्येक गावाची किती नावे आहेत. त्या ओळीचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून आजच आठवणीचे पत्र टपालात टाकले आहे.